पायथ्याचा फलक : डोंगरवाटेवरचा पहिला वाटाड्या

सह्याद्रीतील हरिश्चंद्रगडाची उंची १,४२४ मीटर. गड एकच असला तरी त्यावर जाणाऱ्या वाटा अनेक आहेत आणि त्या एकमेकींपासून फार वेगळ्या आहेत. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील पाचनई गावातून निघणारी वाट त्यातल्या त्यात सोपी. साधारण प्रकृतीचा माणूस दोन ते तीन तासांत माथ्यावरच्या मंदिरापाशी पोहोचतो. पुणे जिल्ह्यातील खिरेश्वर येथून तोलारखिंडमार्गे जाणारी वाट लांब आणि दमछाक करणारी आहे. ठाणे जिल्ह्यातील बेलपाड्यातून चढणारी 'नळीची वाट' तर घसारा, मोठाले धोंडे आणि कातळटप्पे यांनी भरलेली असून अनुभवी गिर्यारोहकांचाही पूर्ण दिवस घेते. तीन गावे, तीन जिल्हे आणि तीन प्रकारच्या अडचणी. मात्र घरून निघताना बहुतेकांच्या तोंडी एकच वाक्य असते, 'हरिश्चंद्रगडाला चाललो आहोत.'

ऑगस्ट २०२३ मध्ये पुण्याहून आलेले सहा जण तोलारखिंडीच्या बाजूने गडावर जात असताना धुके आणि पावसात वाट चुकले. रात्र जंगलात काढावी लागली. थंडीने गारठून त्यांच्यापैकी एकाचा मृत्यू झाला. उरलेल्यांची नंतर सुटका करण्यात आली. अशा घटनेनंतर 'तरुणांचा बेफिकीरपणा' हे कारण लगेच पुढे केले जाते. पण परक्या माणसाला वाट किती लांब आहे, कोठे फसवते आणि कोठून परत फिरावे, हे निघण्यापूर्वी सांगण्याची सोय डोंगराच्या पायथ्याशी असते का, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. ही सोय म्हणजेच पायथ्याचा माहितीफलक. तो कसा असावा, कोठे उभारावा, त्यासाठी कोणाची परवानगी लागते आणि उभारल्यानंतर त्याची काळजी कोणी घ्यावी, याची ही माहिती.

फलकांचे तीन प्रकार

डोंगरवाटेवरील फलकांचे ढोबळमानाने तीन प्रकार पडतात. पहिला, पायथ्याचा माहितीफलक. संपूर्ण वाटेची माहिती एका ठिकाणी देणारा हा फलक पदभ्रमंती सुरू होण्यापूर्वी वाचायचा असतो. दुसरा, वाटेवरील दिशादर्शक. वाट जेथे फुटते तेथे बाण आणि ठिकाणाचे नाव एवढेच त्यावर असते. तिसरा, धोक्याची सूचना. कड्याची कड, निसरडा कातळ, पावसाळ्यात फुगणारा ओढा किंवा आग्या मोहोळांची जागा अशा ठिकाणी तो लावला जातो.

आपल्याकडे सर्वाधिक दिसतो तो चौथाच प्रकार. गडाचा इतिहास सांगणारा, मोठ्या अक्षरांत स्वागत करणारा आणि खाली देणगीदारांची नावे असलेला फलक. इतिहास सांगणे योग्यच आहे. परंतु वाट किती तासांची आहे आणि पाणी कोठे मिळेल, हे त्यावर नसेल, तर चढाईला निघालेल्या माणसाच्या दृष्टीने तो फलक अपुराच म्हणावा लागतो.

वाट चुकते कशी?

फलकावर काय लिहायचे हे ठरवण्यापूर्वी माणसे वाट का चुकतात, हे समजून घेणे आवश्यक आहे. सह्याद्रीत वाट नसल्यामुळे चुकणारे थोडे; वाटा जास्त असल्यामुळे चुकणारे अधिक. पायथ्याच्या गावांतील गुरे चरायला जिथपर्यंत जातात तिथपर्यंत ढोरवाटांचे जाळे पसरलेले असते. सरपणाच्या वाटा, पाणवठ्याच्या वाटा, देवस्थानाच्या वाटा त्यात मिसळतात. या सर्व वाटा सारख्याच मळलेल्या दिसतात. नवख्या माणसाला त्यांतील फरक कळत नाही. दाट कारवीत शिरल्यावर तर चार पावलांपलीकडचे दिसेनासे होते.

तोलारखिंड हे याचे चांगले उदाहरण आहे. खिरेश्वरहून वर आलेली वाट खिंडीत पोहोचते. तेथून सरळ गेल्यास माणूस पलीकडे कोथळे गावाच्या दिशेने उतरू लागतो; गडाची वाट मात्र खिंडीतून कातळावर चढते. हा टप्पा पार केल्यावर लहानमोठ्या टेकड्यांचे पठार लागते. स्वच्छ हवेत येथे अडचण येत नाही. धुक्यात मात्र एक टेकडी दुसरीसारखीच दिसते आणि मंदिराची दिशा समजत नाही.

दुसरे कारण उतरतीचे. चढताना डोळ्यांसमोर माथा असतो, उतरताना अनेक सोंडा आणि ओढे दिसतात. शिवाय पाय थकलेले असतात, उजेड कमी होत असतो. आपल्याकडील बहुतेक बाण चढणाऱ्याला दिसतील असेच रंगवलेले असतात. उतरणाऱ्याला त्या दगडाची कोरी बाजू दिसते. अमेरिकेतील सुमारे ३,५०० किलोमीटर लांबीच्या अ‍ॅपलाचियन ट्रेलवर दोन इंच रुंद आणि सहा इंच उंच अशा पांढऱ्या खुणा दोन्ही बाजूंनी येणाऱ्यांना दिसतील अशा रंगवलेल्या असतात. वळण किंवा फाटा असल्यास एकावर एक अशा दोन खुणा असतात. साधीच युक्ती आहे. पण तिच्यामागे परतणाऱ्या माणसाचा विचार आहे.

फलकावर काय हवे?

पायथ्याच्या फलकावरील मजकूर वाचून माणसाला एक निर्णय घेता आला पाहिजे. ही वाट आज, या वेळी, या सोबत्यांसह चढावी की नाही, हा तो निर्णय. त्यासाठी पुढील बाबी आवश्यक ठरतात.

१) ठिकाणाचे नाव, समुद्रसपाटीपासूनची उंची आणि पायथ्यापासूनचा प्रत्यक्ष चढ. केवळ माथ्याची उंची सांगून उपयोग नाही. कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे, ही माहिती शाळेच्या पुस्तकातही मिळते. पायथ्याच्या बारी गावापासून किती मीटर चढायचे आहे, हे चढणाऱ्याला हवे असते.

२) अंतर आणि वेळ. जाण्याचा आणि उतरण्याचा वेळ स्वतंत्रपणे द्यावा.

३) काठिण्याची श्रेणी. सोपी, मध्यम, कठीण आणि अतिकठीण या चार श्रेणी वाचकांना परिचित आहेत. मात्र श्रेणीसोबत कारणही द्यावे. 'कठीण : दोन कातळटप्पे, दोराची गरज' असे लिहिल्याने जे कळते ते नुसत्या 'कठीण' या शब्दाने कळत नाही.

४) पाणी. वाटेवर टाके, झरा किंवा विहीर कोठे आहे आणि कोणत्या महिन्यापर्यंत पाणी असते, हे नमूद करावे. सह्याद्रीत पावसाळ्यात जेथे धबधबा असतो, तेथे मार्चमध्ये थेंबही नसतो.

५) धोक्याच्या जागा आणि त्या टाळण्याचा उपाय.

६) परत फिरण्याची वेळ. मुंबई-पुण्याच्या परिसरात जूनअखेरीस सूर्यास्त सायंकाळी सव्वासातच्या सुमारास होतो, तर डिसेंबरच्या सुरुवातीला सहा वाजताच. दाट जंगलात आणि घळीत अंधार त्याहीपूर्वी पडतो. त्यामुळे 'अमुक वाजल्यानंतर चढाई सुरू करू नये' हे वाक्य ऋतूप्रमाणे बदलणारे असावे.

७) मदतीची माहिती. ११२ हा एकत्रित आपत्कालीन क्रमांक, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि वन विभागाचा १९२६ हे क्रमांक, तसेच जवळचे आरोग्य केंद्र व पोलीस ठाणे. वाटेवर मोबाइलला संपर्क कोठपर्यंत मिळतो, हेही लिहावे. ही एक ओळ अनेकदा सर्वात मोलाची ठरते.

८) नियम. प्रवेश शुल्क, मुक्कामाची परवानगी, आग पेटवण्यास मनाई, कचरा परत नेणे इत्यादी.

९) फलक उभारणाऱ्याचे नाव आणि शेवटच्या तपासणीचा महिना व वर्ष. तारीख नसलेल्या माहितीवर किती विसंबावे, हे वाचणाऱ्याला कळत नाही.

मजकूर थोडका आणि आज्ञेइतका स्पष्ट असावा. खिरेश्वरच्या वाटेसाठी तो असा लिहिता येईल : 'गडाची वाट तोलारखिंडीतून. खिंडीनंतर कातळटप्पा, पावसात निसरडा. पठारावर ढोरवाटा अनेक. खिंडीत दाट धुके असल्यास पुढे जाऊ नका, याच वाटेने गावात परत या.' चार-पाच छोटी वाक्ये. यात 'सावधगिरी बाळगावी' असा मोघम उपदेश नाही. कोठे, केव्हा आणि काय करायचे, ते सांगितले आहे.

वेळेचे गणित

फलकावरील वेळ कोणाच्या चालीने काढायची, हा नेहमीचा वाद. गावातील वाटाड्याला विचारले तर तो 'तासाभराची वाट' सांगतो. त्याच्या पायांना ती तासाभराचीच असते. शहरातून आलेल्या, महिन्यातून एकदा डोंगरावर जाणाऱ्या माणसाला तीच वाट अडीच तासांची होते.

यासाठी एक जुना ठोकताळा उपलब्ध आहे. स्कॉटलंडमधील गिर्यारोहक विल्यम नेइस्मिथ यांनी १८९२ मध्ये तो मांडला. आजच्या मापांत सांगायचे तर सपाटीवर ताशी पाच किलोमीटर आणि प्रत्येक ६०० मीटर चढासाठी एक तास अधिक. म्हणजे चार किलोमीटर अंतर आणि ६०० मीटर चढ असल्यास ४८ मिनिटे अधिक एक तास, असा सुमारे पावणेदोन तासांचा हिशेब होतो. हा हिशेब धडधाकट माणसाचा आणि विश्रांती न धरता केलेला आहे. दमट हवा, कातळटप्पे आणि मोठा गट लक्षात घेऊन सह्याद्रीत तो वाढवावाच लागतो. म्हणूनच फलकावरील वेळ कागदावर काढून थांबू नये. वेगवेगळ्या वयाच्या दोन-तीन गटांना प्रत्यक्ष चालवून ती तपासावी, आणि ती विश्रांतीसह आहे की विश्रांतीविना, हे फलकावर स्पष्ट लिहावे.

स्वित्झर्लंडमध्ये पदभ्रमंतीच्या वाटांचे जाळे ६५ हजार किलोमीटरहून अधिक आहे आणि संपूर्ण देशात फलकांची पद्धत एकसारखी आहे. तेथील फलकांवर अंतराऐवजी वेळ दिलेली असते आणि ती विश्रांती न धरता असते. साध्या वाटेसाठी पिवळी खूण, डोंगरवाटेसाठी पांढरा-लाल-पांढरा पट्टा आणि अतिकठीण अल्पाइन वाटेसाठी पांढरा-निळा-पांढरा पट्टा. रंग पाहताच चालणाऱ्याला समजते, की ही वाट आपल्यासाठी आहे की नाही. १९७९ मध्ये तेथील नागरिकांनी सार्वमताद्वारे पायवाटांचा विषय थेट राज्यघटनेत समाविष्ट केला. फलकांची ही शिस्त त्या देशाने पायवाटांना दिलेल्या महत्त्वाचाच एक भाग आहे.

नकाशा, भाषा आणि अक्षरे

फलकावर नकाशा असल्यास तो अतिशय साधा असावा. भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे स्थलदर्शक नकाशे आधार म्हणून उपयोगी पडतात. मात्र समोच्च रेषांनी भरलेला तोच नकाशा फलकावर छापल्यास बहुसंख्य वाचकांना तो उमगत नाही. वाट, फाटे, पाण्याच्या जागा, धोक्याच्या जागा आणि 'आपण येथे आहात' ही ठळक खूण एवढे पुरेसे आहे.

येथे एक चूक हमखास होते. नकाशात उत्तर दिशा वर असते, पण फलकासमोर उभ्या असलेल्या माणसाचे तोंड दक्षिणेकडे असते. मग नकाशातील उजवी बाजू त्याच्या डावीकडे येते. फलकावरील नकाशा फिरवून असा छापावा, की वाचणाऱ्याच्या समोर जे दिसते तेच नकाशात वरच्या बाजूला येईल. उत्तर दिशेचा बाण वेगळा दाखवता येतो.

भाषेच्या बाबतीत मराठी प्रथम आणि ठळक असावी. परप्रांतीय पर्यटकांचे प्रमाण जेथे मोठे आहे, तेथे हिंदी व इंग्रजी मजकूर जोडावा. धोक्याच्या सूचनांसोबत चित्रखुणा असाव्यात. वाचता न येणाऱ्यालाही त्या समजतात. स्थळांची नावे गावकरी उच्चारतात तशीच लिहावीत. एकाच घळीला फलकावर एक नाव, गावात दुसरे आणि मोबाइलमधील नकाशात तिसरे असेल, तर मदतीसाठी फोन करणारा माणूस आपण कोठे आहोत, हे सांगूच शकत नाही.

देवनागरी अक्षरांना वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार असतात. त्यामुळे रोमन अक्षरांसाठी पुरणारे ओळींमधील अंतर देवनागरीला कमी पडते. मुख्य मजकुराची अक्षरे दीड ते दोन सेंटिमीटरपेक्षा लहान नसावीत आणि ओळी मोकळ्या असाव्यात. गडद पार्श्वभूमीवर फिकट किंवा फिकट पार्श्वभूमीवर गडद अक्षरे, हा विरोध ठळक हवा. शोभेची वळणदार अक्षरे टाळलेली बरी.

जागा कोणती निवडावी?

फलक गाडीतळावर उभारावा की वाट सुरू होते तेथे? वाहने उभी करण्याच्या जागी गडबड असते. सामान उतरवणे, चहा, छायाचित्रे यांत फलकाकडे कोणाचे लक्ष जात नाही. शेवटचे घर मागे टाकल्यावर आणि वाट झाडीत शिरण्यापूर्वी जी मोकळी जागा लागते, ती सर्वात योग्य. तेथे गट क्षणभर थांबतो, माणसे मोजली जातात. परत फिरायचे असल्यास ते येथूनच सोपे असते; दोन तास चढल्यानंतर तोच निर्णय जड जातो.

फलक वाटेला किंचित तिरपा असावा, म्हणजे येणाऱ्याला तो दुरूनही दिसतो. समोर सहा-सात माणसांना उभे राहता येईल इतकी सपाट जागा असावी. ओढ्याच्या पात्राजवळ, दरड येण्याजोग्या उताराखाली किंवा दरीच्या कडेला फलक उभारू नये. झाडाला खिळे ठोकून फलक लावणे पूर्णपणे टाळावे.

केवळ पायथ्याच्या फलकावर काम संपत नाही. वाटेवरील प्रत्येक फसव्या फाट्यावर छोटा दिशादर्शक हवा आणि तो दोन्ही बाजूंनी वाचता यावा. मात्र जेथे वाट एकच आहे तेथे बाणांची गर्दी नको. पावलोपावली बाण दिसू लागले, की चालणारा स्वतः वाट पाहणे सोडून देतो आणि एखादा बाण नाहीसा झाला तर गोंधळतो.

परवानगी कोणाची?

हौशी मंडळी अनेकदा एखाद्या रविवारी रंगाचा डबा घेऊन जातात आणि दिसेल त्या दगडावर बाण काढतात. हेतू चांगला असला तरी यात दोन अडचणी आहेत. एक कायद्याची आणि दुसरी जबाबदारीची.

डोंगरवाटेखालील जमीन राखीव वन, अभयारण्य, महसुली, गावठाणाची किंवा खासगी मालकीची असू शकते. एकाच वाटेवर यांपैकी तीन प्रकार येतात. वनक्षेत्रात वन विभागाची लेखी परवानगी घ्यावी लागते. अभयारण्य असल्यास वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ लागू होतो आणि प्रस्ताव वन्यजीव विभागामार्फत जातो. हरिश्चंद्रगडाचा परिसर १९८६ मध्ये जाहीर झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो.

किल्ला संरक्षित स्मारक असल्यास पुरातत्त्व खात्याची परवानगी आवश्यक ठरते. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेल्या मराठा लष्करी स्थापत्यातील १२ किल्ल्यांचेच उदाहरण घेतले, तर शिवनेरी, लोहगड, रायगड आदी किल्ले केंद्राच्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे, तर राजगड, साल्हेर, प्रतापगड, खांदेरी हे राज्याच्या पुरातत्त्व विभागाकडे आहेत. केंद्र संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंतचे क्षेत्र प्रतिबंधित आणि त्यापुढील २०० मीटर नियंत्रित, अशी तरतूद २०१० च्या दुरुस्तीने १९५८ च्या कायद्यात करण्यात आली. संरक्षित स्मारक विद्रूप केल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. तटबंदीवर किंवा कोरीव पायऱ्यांवर रंगवलेला बाण हेही विद्रूपीकरणच आहे.

ग्रामपंचायतीचा ठराव घेणे हे केवळ औपचारिक काम समजू नये. फलकाची राखण शेवटी गावालाच करायची असते. ग्रामसभेत मजकूर वाचून दाखवल्यास नावे, पाणवठे आणि वाटा यांतील चुका तेथेच दुरुस्त होतात.

साहित्य आणि उभारणी

सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर चार महिने धुवांधार पाऊस, नंतर कडक ऊन आणि उन्हाळ्यात वणवे असे हवामान असते. त्यात फ्लेक्सचा फलक फार टिकत नाही. वाऱ्याने फाटून त्याच्या चिंध्या जंगलात पसरतात. साधा लोखंडी पत्रा गंजतो आणि आधी अक्षरेच जातात. लाकडी खांबांना वाळवी लागते किंवा वणव्यात ते जळतात.

त्या मानाने दोन पर्याय टिकाऊ ठरतात. पहिला, जाड अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यावर अतिनील किरणांना तोंड देणारी छपाई आणि आधाराला जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी पाइप. दुसरा, दगडावर कोरलेली अक्षरे. कोरीव दगड वर्षानुवर्षे टिकतो, पण त्यावरील मजकूर बदलता येत नाही. म्हणून नाव, उंची, अंतर यांसारखा न बदलणारा मजकूर कायम फलकावर आणि पाणी, ऋतू, बंदीचे आदेश, तपासणीची तारीख असा बदलणारा मजकूर खालच्या लहान, काढता-घालता येणाऱ्या पट्टीवर असावा.

खांबासाठी किमान दोन फूट खोल खड्डा घेऊन त्यात काँक्रीट भरतात. खांबाच्या तळाशी आडवी सळई जोडल्यास तो वाऱ्याने किंवा कोणी फिरवल्याने गरकन फिरत नाही. ही बाब क्षुल्लक वाटते. परंतु फिरलेला बाण माणसाला थेट चुकीच्या सोंडेवर पाठवतो. गुरे खांबाला अंग घासतात, हे धरूनच मजबुती ठरवावी. फलकाचा मध्य डोळ्यांच्या उंचीला, म्हणजे जमिनीपासून साधारण दीड मीटरवर असावा. नट-बोल्ट सहज निघणारे नसावेत. भंगारासाठी पत्रे चोरीला जाण्याचा धोका असतो. सिमेंट, पाणी, खडी आणि अवजारे पायथ्यापर्यंत नेता येतात, पण वरच्या फाट्यांवर सर्व काही डोक्यावरून न्यावे लागते. तेथे सुका दगडी चौथरा आणि लहान पट्टी हाच व्यवहार्य मार्ग आहे. हे काम पावसाळा संपल्यावर, नोव्हेंबर ते फेब्रुवारीदरम्यान करणे सोयीचे असते.

क्रमांकित खांबांचा धडा

हाँगकाँगमध्ये १९७९ मध्ये खुल्या झालेल्या १०० किलोमीटर लांबीच्या मॅकलेहोस ट्रेलवर दर ५०० मीटरला एक क्रमांकित खांब आहे. खांबावर वाटेचे आद्याक्षर, अनुक्रमांक आणि नकाशावरील स्थान दिलेले असते. अडचणीत सापडलेला माणूस जवळच्या खांबाचा क्रमांक कळवतो आणि मदत पथक थेट तेथे निघते. 'मोठ्या झाडापाशी', 'दुसऱ्या ओढ्याच्या वर' अशा वर्णनांवर शोध घ्यावा लागत नाही.

सह्याद्रीतील बचावकार्यात स्वयंसेवी गिर्यारोहक आणि गावकरी यांचा मोठा वाटा आहे. महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरसारख्या संस्था अशा पथकांमध्ये समन्वय साधतात. अडकलेल्या व्यक्तीची नेमकी जागा शोधण्यात या पथकांचा मोलाचा वेळ जातो. पायथ्याच्या फलकावर अक्षांश-रेखांश आणि वाटेवरील प्रत्येक दिशादर्शकावर क्रमांक घातल्यास हा वेळ वाचू शकतो. त्यासाठी वेगळा मोठा खर्च नाही. क्रमांकांची यादी वन विभाग, पोलीस ठाणे आणि बचाव पथके यांच्याकडे असणे मात्र आवश्यक आहे.

देखभाल नसेल तर

फलक उभारण्याच्या दिवशी समारंभ होतो, पुढच्या वर्षी त्याकडे कोणी फिरकत नाही. वास्तविक चुकीचा फलक हा फलक नसण्यापेक्षा घातक असतो. फलक नसेल तर माणूस विचारपूस करतो. फलक असेल तर त्यावर विश्वास ठेवतो.

डोंगर स्थिर नसतो. दरडी कोसळतात, ओढे पात्र बदलतात, वाटा नाहीशा होतात. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातील इरशाळवाडीवर दरड कोसळली आणि डोंगरातील ती वस्ती ढिगाऱ्याखाली गाडली गेली. इरशाळगडाकडे जाणारे पदभ्रमंतीकार याच वाडीतून पुढे जात असत. अशा दुर्घटनेनंतर जुन्या वाटेची माहिती देणारे सर्व फलक ताबडतोब झाकणे किंवा काढणे हीदेखील देखभालच होय.

वर्षातून दोन तपासण्या पुरेशा ठरतात. मे महिन्यात पावसाळ्याच्या सूचना लावण्यासाठी आणि ऑक्टोबरमध्ये पावसाने झालेले नुकसान पाहण्यासाठी. अतिवृष्टीच्या काळात जिल्हाधिकारी धोकादायक पर्यटनस्थळांवर जाण्यास मनाई करतात. १ जुलै २०२४ पूर्वी असे आदेश फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली निघत. आता ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतात. हे आदेश शहरातील वृत्तपत्रांत छापून येतात, पण पायथ्याशी पोहोचलेल्या माणसाला ते तेथेच दिसले पाहिजेत. हवामान खात्याच्या नारंगी व लाल इशाऱ्याच्या दिवशी वाट बंद आहे, एवढे दर्शवणारी पट्टी गावातील एखाद्या व्यक्तीने लावावी आणि त्याबद्दल तिला मानधन मिळावे, ही व्यवस्था अवघड नाही.

फलक आणि वाटाड्या

फलक लागले तर आपला रोजगार जाईल, अशी शंका काही गावांत वाटाड्यांच्या मनात येते. ती समजून घेण्यासारखी आहे. हंगामात शनिवार-रविवारच्या कमाईवर अनेक घरे चालतात. परंतु नीट लिहिलेला फलक वाटाड्याचे काम वाढवू शकतो. 'या वाटेवर स्थानिक वाटाड्या आवश्यक. गावात चौकशी करावी' ही ओळ आणि त्यासोबत ग्रामपंचायतीने ठरवलेला दर फलकावर असल्यास घासाघीस टळते आणि नवख्या गटालाही वाटाड्या घेण्यात कमीपणा वाटत नाही. नळीच्या वाटेसारख्या ठिकाणी तर कोणताही फलक जाणत्या माणसाची जागा घेऊ शकत नाही, आणि फलकाने तसे स्पष्टपणे सांगितलेच पाहिजे.

फलकाला मर्यादा आहेत. तो वाचला नाही तर त्याचा उपयोग नाही. वाचूनही दुर्लक्ष करणारे असतातच. धुक्यात तो दहा पावलांवरून दिसत नाही. गटात अनुभवी व्यक्ती असणे, घरी वाट आणि परतीची वेळ सांगून निघणे, विजेरी, पाणी व पावसापासून बचावाचे कपडे जवळ बाळगणे यांना तो पर्याय नाही. तरीही शहरातून पहाटे निघून उजाडता उजाडता अनोळखी गावात उतरलेल्या माणसाला 'ही वाट पाच तासांची आहे, धुके असेल तर खिंडीतून माघारी फिरा' एवढे सांगणारा तेथे दुसरा कोणी नसतो. गाव झोपेत असते, मोबाइलला संपर्क नसतो. अशा वेळी शेवटच्या घराच्या पलीकडे उभा असलेला, खरी आणि ताजी माहिती देणारा एक फलक त्या गटाला चढण्यापूर्वी विचार करायला थांबवू शकतो. पायथ्यावरचा हा क्षणभराचा थांबा वरच्या अनेक तासांच्या शोधमोहिमेपेक्षा स्वस्त असतो.